गाडीत दुसरं कोणी नव्हतं

बुढापाऱ्यातल्या आमच्या घरापासून डे भवन चालत पाच मिनिटांवर आहे. रायपूरचे वकील रायबहादूर भूतनाथ डे यांचं ते घर. 1877 साली कोलकात्याचे वकील विश्वनाथ दत्त यांचं कुटुंब रायपूरला आलं आणि या घरात राहिलं, असं शहर मानतं. त्या कुटुंबातला नरेंद्रनाथ तेव्हा 14 वर्षांचा होता. तोच पुढे स्वामी विवेकानंद झाला. जेमतेम दोन वर्षं तो इथे होता, पण रायपूरने ती दोन वर्षं घट्ट धरून ठेवली आहेत. विमानतळाला त्याचं नाव आहे, आमच्या बुढा तलावाला सरकारदरबारी त्याचं नाव आहे आणि तलावाच्या मधोमध त्याचा भला मोठा पुतळा आहे. त्याच डे कुटुंबातल्या हरिनाथचा जन्मही 1877चाच. तो पुढे केंब्रिजला शिकला, कोलकात्याच्या इंपीरियल लायब्ररीचा पहिला भारतीय ग्रंथपाल झाला आणि 34व्या वर्षी गेला. त्याला 34 भाषा येत असत असं सांगतात. अनुवादावर पोट भरणाऱ्या बाईला आपल्या गल्लीतला हा माणूस विवेकानंदांहून जवळचा वाटावा, यात नवल नाही. पण आमच्या घरात गोष्ट सांगितली जायची ती नरेंद्राचीच, आणि ती सांगायचे बाबा.

गोष्ट पाऱ्यातल्या सगळ्या मुलांना पाठ होती. रायपूरला तेव्हा रेल्वे नव्हती. वडील आधीच येऊन राहिले होते, आई-भावंडांना घेऊन नरेंद्र मागून आला. नागपूरपर्यंत आगगाडी, तिथून पुढे पंधरा दिवसांहून अधिक बैलगाडी. वाटेत घनदाट जंगल. एके ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ आले की माथे एकमेकांना टेकतील असं वाटावं. एका कड्याच्या भेगेत वरपासून खालपर्यंत लोंबणारं प्रचंड मधाचं पोळं त्याला दिसलं. एवढं पोळं बांधायला माशांच्या किती पिढ्या लागल्या असतील, या विचारात तो इतका बुडाला की भान हरपलं. भानावर आला तेव्हा गाडी पुष्कळ पुढे निघून गेली होती.

या गोष्टीच्या शेपटाला बाबांनी स्वतःची गोष्ट जोडलेली होती. 1963 हे विवेकानंदांचं जन्मशताब्दीचं वर्ष. बाबा सतरा वर्षांचे. शिमग्याच्या सुट्टीत बुढापाऱ्यातले चार मित्र ते पोळं शोधायला निघाले. रायपूरहून पॅसेंजरने दरेकसा. आज अनेक जण पोळ्याची जागा म्हणून दरेकसाचंच नाव घेतात. बाबांच्या टोळीने ते निवडलं होतं ते केवळ तिथे पॅसेंजर थांबते आणि डोंगर रुळाला येऊन भिडतो म्हणून. बरोबर दशम्या, गूळ, एक टॉर्च आणि दोन काठ्या. दोन रात्री जंगलात. एका रात्री बिबट्याचा खोकल्यासारखा आवाज. दुसऱ्या दिवशी कडा सापडला आणि त्याला लटकलेली सात काळी पोळी. बाबा कपारीला धरून वर चढले, खाली पडलेल्या जुन्या पोळ्याचा तुकडा त्यांनी खिशात घातला आणि सगळे सुखरूप परत आले. पुरावा म्हणून मेणाचा तो गोळा घरात होता. आजीने तो वितळवून, गाळून डबीत भरला. कोरडं कुंकू कपाळावर टिकावं म्हणून आधी मेणाचं बोट लावायची तिची रीत होती. ते मेण तिला किती तरी वर्षं पुरलं. लहानपणी मी तिच्या कपाळाकडे बघत असे आणि मला वाटे, आमच्या घरात विवेकानंदांच्या पोळ्याचं मेण आहे.

जादवपूरला तौलनिक साहित्याचं एम. ए. करताना मी बंगाली शिकले, तेव्हा ही गोष्ट मूळ भाषेत वाचायला मिळाली. ती सविस्तर येते स्वामी शारदानंदांच्या ‘श्रीरामकृष्ण लीलाप्रसंगा’त. ‘उद्‌बोधन’ मासिकातून क्रमशः आलेला हा ग्रंथ. विवेकानंद 1902 साली गेले. हा मजकूर छापून आला तो त्यानंतर, म्हणजे प्रवासाला तीन दशकं उलटून गेल्यावर. चौदा वर्षांच्या मुलाने पाहिलेलं, मोठेपणी त्याने गुरुबंधूंना सांगितलेलं आणि त्यांच्यापैकी एकाने पुढे कधीतरी लिहून काढलेलं, असा त्याचा प्रवास आहे. खोटं म्हणायचं काही कारण नाही. मात्र नकाशासारखं ते वाचता येत नाही.

तसं वाचायला गेलं की पहिला अडसर येतो तो डोंगराच्या नावाचा. चरित्रकार विंध्याचं नाव घेतात. विंध्य नर्मदेच्या उत्तरेला. नागपूर ते रायपूर वाटेवर तो लागत नाही. या वाटेच्या उत्तरेला येतात त्या सातपुड्याच्या पूर्वेकडच्या मैकल रांगेच्या टेकड्या. मला वाटतं, कोलकात्यात लिहिणाऱ्याला मध्य भारतातला कुठलाही डोंगर विंध्यच. पुराणातून ओळखीचं झालेलं नाव त्याने अनोळखी डोंगराला दिलं. अनुवादक हे रोजच करतो. गडबड होते ती पुढच्याने त्या नावावर बोट ठेवून जागा शोधायला घेतली की.

दुसरा अडसर वाटेचा. आगगाडीचा भाग सरळ आहे. 1870पासून कोलकाता अलाहाबाद-जबलपूरमार्गे मुंबईच्या रुळांना जोडलेलं होतं आणि नागपूरला त्याआधीच, 1867 साली, भुसावळकडून रेल्वे आली होती. नागपूरच्या पुढे मात्र ग्रेट ईस्टर्न रोड. भंडारा, साकोली, देवरी, बाघ नदी, राजनांदगाव, दुर्ग आणि रायपूर. रायपुरात आजही त्याला जी. ई. रोड म्हणतात, त्या दोन अक्षरांचा अर्थ विचारला तर बहुतेकांना सांगता येत नाही. नागपूर-रायपूर अंतर तीनशे किलोमीटरच्या थोडं आत. बैलगाडी दिवसाला अठरा-वीस किलोमीटर जाते असं धरलं तर पंधरा-सोळा दिवस होतात. चरित्रातला पंधरवडा इथे बरोबर जुळतो. पण दरेकसा या सडकेवर नाही. ते उत्तरेला पडतं, गोंदियाहून डोंगरगडला जाणाऱ्या रेल्वेवर, आणि ती रेल्वे टाकली गेली 1880च्या दशकात. नरेंद्र 1879 सालीच कोलकात्याला परतला होता. गाड्या सडक सोडून दरेकसाच्या खिंडीतून आल्या असतील का? असतील. जबलपूरहून मंडला-कवर्ध्याकडून उतरल्या असतील, असंही म्हणणारे आहेत. कागदावर याहून पुढे जाता येत नाही.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सडकेवरून आला असेल तर मग आम्ही काय पाहिलं?” मी म्हटलं, “पोळं पाहिलंत ना? ते तर खरं.” त्यावर ते म्हणाले, “एकदा जाऊन येऊ. तुझ्या पोराला घेऊन ये पुण्याहून. तोही चौदाचाच आहे आता.”

आम्ही फेब्रुवारीत गेलो. बाबा, मी आणि माझा मुलगा. गाडीने जाऊ म्हटलं तर बाबा ऐकेनात. रेल्वेनेच जायचं होतं त्यांना. सकाळच्या लोकलमध्ये खिडकीशी बसून ते नातवाला स्टेशनं सांगत होते. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड. डोंगरगड सोडलं की बोरतलाव, आणि मग डोंगर खरोखरच रुळाच्या अंगावर येतो. इथे राज्य बदलतं. डब्यातून ते कळत नाही. बाबांना मात्र कळत होतं. ते जन्मले त्या प्रांताचं नाव मध्य प्रांत आणि वऱ्हाड. राजधानी नागपूर, आणि राजभाषांमध्ये हिंदीइतकीच मराठी. 1 नोव्हेंबर 1956ला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. भोसल्यांच्या काळापासून इथे वस्तीला असलेली आमच्यासारखी कुटुंबं, ज्यांचे देव-सोयरे सगळे नागपूरला, एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झाली. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते. “शाळेच्या नकाशात मास्तरांनी लाल पेन्सिलीने रेघ मारली होती,” ते नातवाला सांगत होते. “सात वर्षांनी आम्ही ती रेघ बघायला आलो, तर नुसतं जंगल होतं. सागाला काय माहीत कोणतं राज्य.”

हे वाक्य त्यांच्या गोष्टीत नेहमी असायचं. जंगलात माणूस नव्हता, हा त्या गोष्टीचा कणा होता.

दरेकसाला उतरलो. तिथून जीपने धनेगाव. मधली कित्येक वर्षं या भागाचं नाव पेपरात यायचं ते नक्षलवाद्यांच्या बातम्यांमुळे. बाबांना परत येता आलं नाही त्याचं हेही एक कारण. आता सडक चांगली होती. वाटेत कमानी उभ्या होत्या, काही मोडत आलेल्या, काही नव्या. माघ पौर्णिमेची जत्रा नुकतीच होऊन गेली होती. इथल्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. गोंड समाजाचं हे फार मोठं तीर्थ. कली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी त्यांची सुटका केली, त्या मुलांपासून गोंडांची कुळं पसरली, अशी कथा आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कुठून कुठून लोक पायी येतात. मोतीरावण कंगालींसारख्या गोंडी भाषेच्या अभ्यासकांनी या परंपरेवर पुस्तकं लिहिली आहेत. मी ती आधी वाचली होती. बाबांनी यातलं काहीच कधी ऐकलेलं नव्हतं. पायथ्याशी उभे राहून ते झेंड्यांकडे बघत राहिले.

“हेच,” ते म्हणाले. “इथेच आलो होतो. पण इथे काही नव्हतं तेव्हा.”

पायथ्याला चहाची टपरी होती. टपरीवाल्या गृहस्थांचं वय साठीच्या पुढे. “जय सेवा” म्हणून त्यांनी आम्हाला बसायला दिलं. बाबा त्यांच्याशी छत्तीसगढीत बोलू लागले, ते हिंदीत आणि मधूनच झाडीकडच्या मराठीत उत्तर देत होते. पोळ्यांचा विषय निघाला. ते म्हणाले, आग्या मोहोळ दरसाल येतं, ठरलेल्या कपारींनाच येतं. पावसाळ्यात उठून जातं, पुन्हा हंगामात तिथेच बसतं. (हे खरं आहे. आग्या माशा स्थलांतर करतात आणि वर्षानुवर्षं त्याच कड्यांवर, त्याच झाडांवर परत येतात, असं कीटकशास्त्रज्ञही सांगतात. नरेंद्र ज्याच्यात बुडाला तो पिढ्यांचा विचार अगदीच हवेतला नव्हता.) मग ते सहज म्हणाले, “मध काढणारी घरं ठरलेली असतात. कोणता कडा कोणत्या घराचा, ते ठरलेलं असतं.”

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. “आधीपासून?” त्यांनी विचारलं.

“आमच्या आज्याच्या आधीपासून.”

माझा मुलगा पायऱ्या चढून गुहेकडे गेला. बाबांचे गुडघे चढाचे नव्हते, म्हणून मी त्यांच्यापाशी थांबले. पंधराएक मिनिटं गेली असतील. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे शब्द आठवतात तसे देते.

“आम्हाला कडा सापडला नव्हता गं. पहिल्याच दिवशी वाट चुकलो. संध्याकाळ झाली, टॉर्च पडून फुटला. आमच्यातला एक तर रडून राहिला होता. एक म्हातारा आला, खांद्यावर कुऱ्हाड. काही विचारलं नाही. चला म्हणाला. त्याच्या घरी नेलं. चार घरांचा टोला होता. म्हातारीने पेज दिली, पानाच्या द्रोणात. दोन्ही रात्री तिथेच निजलो. दुसऱ्या दिवशी त्यानेच लांबून कडा दाखवला, पुढे जाऊ दिलं नाही, माशा उठतील म्हणाला. निघताना मेण दिलं हातात. पैसे देऊ केले तर हसला. स्टेशनपर्यंत सोडायला आला.”

“मग हे कधी सांगितलं का नाही?”

“आईला काय सांगू? गोंडाच्या घरी जेवलो म्हणून? तेव्हाचं सोवळं तू पाहिलं नाहीस. रेल्वेतच चौघांनी ठरवलं, रात्री झाडाखाली काढल्या म्हणायचं. मग बिबट्या आला. मग मी वर चढलो. दरवेळी सांगताना थोडं थोडं वाढत गेलं. आणि एकदा त्याला काढून टाकल्यावर परत कुठे घालणार?”

“नाव काय होतं त्यांचं?”

“विचारलंच नाही.” थोडं थांबून म्हणाले, “त्याने आमची चौघांची विचारली होती.”

टपरीवाल्यांना मी विचारून पाहिलं. 1963 साली इथे चार घरांचा टोला कुठे होता, मेण-मध काढणारे कोण होते. त्यांनी तीन-चार वस्त्यांची नावं घेतली. तेव्हा ते स्वतः बाळ असतील. साठ वर्षांमागचा बिननावाचा माणूस असा सापडत नाही. बाबांनाही ते माहीत होतं. तरी त्यांनी ती सगळी नावं माझ्या वहीत लिहून घ्यायला लावली.

निघताना टपरीवाल्यांनी विचारलं, रायपुरात कुठे राहता. बाबा म्हणाले, बुढापारा, बुढा तलावाजवळ. ते हसले. “म्हणजे बूढादेवाच्याच पाऱ्यात राहता की.” बूढादेव हा गोंडांचा थोर देव, तलावाचं नाव त्याच्यावरून पडलं असं रायपुरातले जुने लोकही सांगतात, आणि तलावाचं जुनं नाव परत मागणारे तेच कारण देतात. आम्ही घरी मात्र त्याचा अर्थ सरळ ‘म्हातारा’ असा लावत आलो. जुना पारा, जुना तलाव. ज्या भाषेत जन्म गेला तिच्या कानाने ऐकलं, झालं. चरित्रकाराने विंध्य ऐकला त्याहून हे फार वेगळं नव्हतं.

घरी आल्यावर मी लीलाप्रसंगातला तो उतारा पुन्हा काढला. सध्या मी त्याचा मराठी अनुवाद करते आहे. त्यात एक वाक्य आहे, ज्यावरून मी आधी दहा वेळा गेले असेन. पुष्कळ वेळ भान हरपलं होतं, पण गाडीत एकटाच असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही, अशा अर्थाचं. एकटाच. पंधरा दिवसांहून जास्त चाललेल्या प्रवासात गाडी कोण हाकत होतं? बैलांना पाणी दाखवणं, चाकाला वंगण घालणं, रात्री मुक्कामाची जागा बघणं, शेकोटी पेटती ठेवणं, वाट ओळखणं हे कुणीतरी करत होतं. नरेंद्र भानावर आला तेव्हा गाडी पुढे गेली होती, याचाच अर्थ हाकणारा भानावर होता. त्याने मागे वळून पाहिलं असेल, पोरगं झोपलं समजून बैलांना आवाज न देता हळू नेलं असेल. किंवा पाहिलंही नसेल. तो नागपूरचा होता की भंडाऱ्याचा, कोष्टी, तेली की गोंड, मराठी बोलत होता की छत्तीसगढी, मी वाचलेल्या कोणत्याही चरित्रात याविषयी एक अक्षर नाही. ते जंगल ज्यांना रोजचं होतं त्यांचंही नाही.

यात मी विवेकानंदांना दोष देत नाही. पुढे देशभर पायी फिरताना गोरगरिबांच्या घरी राहिलेला आणि त्यांच्याविषयी कळकळीने बोललेला तो माणूस. शारदानंदांनाही देत नाही. त्यांच्यासमोर समाधीचा पहिला अनुभव होता, गाडीवान नव्हता. मला बोचलं ते हे, की दहा वेळा वाचूनही ते वाक्य मला अडलं नव्हतं. ज्या गोष्टीवर मी वाढले तिच्यातही एक माणूस असाच काढून टाकलेला होता, म्हणून कदाचित. रानातल्या साहसाच्या गोष्टीत रान रिकामंच असतं, हे मी बाबांकडून शिकले होते. आणि बाबा खोटं बोलले ते साहसासाठी नव्हे, आईच्या भीतीने. आजीला ते कधी कळलं नाही. त्या घरचं मेण ती रोज सकाळी, देवपूजेच्या आधी, कपाळाला लावत राहिली.

माझ्या मुलाने परतल्यावर ही गोष्ट आपल्या मित्रांना सांगितली. फोनवर सांगत होता, मी ऐकत होते. त्याच्या सांगण्यात बिबट्या नव्हता. म्हातारा होता, कुऱ्हाड होती, द्रोणातली पेज होती. “नाव माहीत नाही,” असंही तो म्हणाला. बाबा दुसऱ्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं आणि काही दुरुस्त केलं नाही.

अनुवादात मात्र असं करता येत नाही. मुळात नसलेला माणूस मला वाक्यात घालता येत नाही, तो माझा अधिकार नाही. “गाडीत मी एकटाच होतो” हे वाक्य मी तसंच ठेवलं आहे. खाली एक टीप दिली आहे. गाडीला गाडीवान होता. त्याचं नाव चरित्रांत सापडत नाही.